वहीतला ठराव आणि चवदार तळं

आमच्या कोकणातल्या गावच्या गावकीची, म्हणजे गावकऱ्यांच्या सभेची, एक वही आहे. लाल कापडी बांधणीची, लांबट, किराणा दुकानात उधारीला वापरतात तशी. शिमग्याची वर्गणी, पालखीचे मानकरी, सहाणेवरच्या पत्र्यांचा खर्च असं सगळं त्यात लिहिलेलं असतं. त्याच वहीत एका पानावर एक ठराव आहे. वाडीतल्या एका घराने बांधाच्या वादात गावकीला न विचारता तालुक्याच्या कोर्टात दावा लावला, सबब त्या घराला वाळीत टाकण्यात येत आहे. त्यांच्याशी कोणी बोलू नये, त्यांच्याकडे कामाला जाऊ नये, लग्नाला किंवा मयताला जाऊ नये. मोडेल त्याला 500 रुपये दंड. खाली तारीख, आणि तारखेखाली 29 सह्या. तिसरी सही माझ्या वडिलांची.

मी तेव्हा नववीत होतो. त्या शिमग्यात पालखी त्या घराच्या गडग्यापाशी आली आणि न थांबता पुढे गेली. घरातली आजी ओटीचं ताट हातात घेऊन अंगणात उभी होती. नारळ, तांदूळ, हळदकुंकू, आणि वर खणाची घडी. ढोल पुढच्या घरी पोहोचले तरी ती तशीच उभी होती.

पुढे कायदा शिकायला गेलो तेव्हा पहिल्याच वर्षी एक जुना प्रश्न समोर आला. लिहिलेल्या कायद्याला सार्वत्रिक नीतीच्या कसोटीला उतरावं लागतं, की रीतसर लिहिला गेला एवढंच पुरतं? पुस्तकात तो ग्रीक-रोमन नावांसकट येतो आणि कठीण वाटतो. मला मात्र प्रत्येक वेळी ते पान दिसायचं. सभा झाली होती, चर्चा झाली होती, बहुमत होतं, लेखी नोंद होती, शिक्षा आधीच जाहीर केलेली होती. नियमाला लागतं ते सगळं त्या पानावर होतं. मग त्यात कमी काय होतं?

सोपं उत्तर असं की गावकीला तो अधिकारच नाही. उत्तर खरं आहे. महाराष्ट्राने 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, तो 2017 पासून लागू आहे, आणि वाळीत टाकणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. देशात असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. रायगड-रत्नागिरीत गावकीने घरंच्या घरं वाळीत टाकल्याची प्रकरणं गाजली, त्याचा त्यात वाटा होता. पण हे उत्तर एका पायरीवर थांबतं. समजा, उद्या विधानसभेनेच असा कायदा केला. त्या पानावर आमच्या वाडीतल्यांऐवजी आमदारांच्या सह्या आहेत, राजपत्रात छापून आलंय. आता काय म्हणणार?

इथे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, माणसांनी केलेल्या कायद्याच्या वर न्यायाचं एक तत्त्व आहे, त्याच्या विरुद्ध जाणारा कायदा हा कायदाच नव्हे. रोममध्ये सिसेरो असं म्हणत होता, तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती पंडिताने ते शिस्तीत मांडलं. दुसरा पक्ष एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये बेंथम आणि ऑस्टिन यांनी उभा केला. ज्याला अधिकार आहे त्याने ठरलेल्या रीतीने केला की कायदा झाला. तो चांगला की वाईट, हा वेगळा प्रश्न. या दुसऱ्या पक्षाला लोक उगाच निर्दय समजतात. बेंथम आयुष्यभर कायदे सुधारण्यासाठी झटला. त्याला दोन प्रश्न वेगळे ठेवायचे होते ते एवढ्यासाठी, की ‘कायदा आहे म्हणजे बरोबरच असणार’ असं कोणी म्हणू नये.

एक गोष्ट आधी बाजूला काढतो, म्हणजे गोंधळ होणार नाही. प्रत्येक कायद्यात नीती शोधायची नसते. पावसाळ्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. कोळी मात्र पिढ्यान् पिढ्या नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मग होडी लोटतात. ती कधी ऑगस्टच्या सुरुवातीला येते, कधी अखेरीला. तारीख कोणती बरोबर, यात नीतीचं काही नाही. पण बंदी असावी यामागे कारण आहे: माशांच्या विणीचा काळ, खवळलेला दर्या आणि खलाशांचे जीव. कारण सगळीकडे लागू, तारीख मात्र माणसांनी बसून ठरवायची. अक्वायनसनेही हा फरक केला होता. बहुतेक कायदे या तारखेसारखेच असतात, आणि ते पाळण्याविषयी कोणाचं भांडण नसतं. भांडण होतं ते कायद्यामागे कारणच नसतं किंवा असलेलं कारण माणुसकीच्या विरुद्ध असतं तेव्हा.

हे सगळं एका ठिकाणी पाहायचं असेल तर महाडला जावं.

1923 साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांनी ठराव मांडला की सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. तो मंजूर झाला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागद अस्पृश्यांच्या बाजूने होता, आणि तरीही तळ्यावर जायची कोणाची छाती नव्हती, कारण कागदाच्या वर रूढी बसली होती. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेला आलेल्या लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर लोकांना मारहाण झाली. तळं बाटलं म्हणून 108 घागरी पंचगव्य ओतून त्याची ‘शुद्धी’ केली गेली. त्याच तळ्यावर इतर धर्मांची माणसं पाणी भरत होती, गुरं पाणी पीत होती. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला 1924 चा ठराव मागे घेतला. लिहिलेलं होतं ते खोडलं.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. हजारो लोक जमले. त्याआधीच काही सवर्णांनी कोर्टात जाऊन तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. 25 डिसेंबरला परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. ठराव मांडला होता गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, जे जन्माने ब्राह्मण होते. आणि त्याच परिषदेत बाबासाहेबांनी, जीव द्यायला तयार होऊन आलेल्या लोकांना समजावून, तळ्यावरचा सत्याग्रह पुढे ढकलला. कोर्टाचा हुकूम पाळला. लोकांनी गावातून मिरवणूक काढली आणि पाण्याला हात न लावता परतले.

मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. एकाच मांडवात, दोन-तीन दिवसांच्या आत, एक लिहिलेला कायदा जाळला आणि दुसरा पाळला. यात विसंगती नाही. मनुस्मृतीतली माणसांची उतरंड काही माणसांना माणूसच मानत नव्हती. तिच्याशी वाद घालायची जागाच शिल्लक नव्हती. कोर्टाचा हुकूम अन्यायाचा होता, पण त्याच्यावर अपील होतं, पुरावा देता येत होता, बाबासाहेब स्वतः प्रतिवादी म्हणून उभे राहू शकत होते. ज्या कायद्यात तुम्हाला तोंड आहे, आणि ज्या कायद्यात तुम्हाला तोंडच नाही, त्या दोन्हींना एकाच मापाने मोजू नये. माझ्या मते या विषयावर जगात जे काही लिहिलं गेलंय त्यातला अर्धा भाग महाडच्या त्या दिवसांत येऊन जातो.

खटला 10 वर्षं चालला. 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, अस्पृश्यांच्या बाजूने. पण कोणत्या कारणाने? वादींचं म्हणणं होतं की अस्पृश्यांनी इथे पाणी न भरण्याची वहिवाट अनादी काळापासून आहे. न्यायालय म्हणालं, एवढी जुनी वहिवाट सिद्ध झालेली नाही. ही रूढी वाजवी आहे का, सार्वजनिक हिताविरुद्ध आहे का, हे वहिवाट सिद्ध झाली असती तर कदाचित पाहावं लागलं असतं, एवढंच नोंदवून तो प्रश्न सोडून दिला. तळं खुलं झालं याचा आनंद कोणालाही होईल. मला मात्र ती सोडलेली जागा बोचते. समजा, वादींना एखादा तीनशे वर्षांपूर्वीचा कागद सापडला असता. तर?

निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींत ब्रूमफील्ड होते. 1922 साली अहमदाबादला गांधीजींना राजद्रोहासाठी 6 वर्षांची शिक्षा सुनावणारे हेच. तेव्हा गांधीजींनी गुन्हा कबूल केला होता आणि म्हटलं होतं की कायद्याच्या दृष्टीने जो गुन्हा आहे ते मला नागरिकाचं सर्वोच्च कर्तव्य वाटतं, तेव्हा जास्तीत जास्त शिक्षा द्या. ब्रूमफील्डनी शिक्षा दिली, आणि सरकारने ती पुढे कमी केली तर आपल्याइतका आनंद कोणाला होणार नाही असंही सांगितलं. खुर्चीवर बसलेल्या माणसालाही कायदा आणि न्याय यांच्यातली फट दिसत होती.

1930 मध्ये तीच रीत आपल्या किनाऱ्यावर आली. वेंगुर्ल्याजवळ शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींनी उघडपणे मीठ उचललं, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. कायदा मोडायचा तर दिवसाउजेडी आणि शिक्षा अंगावर घेऊन. यात कायद्याचा मान राहतो आणि त्याचा अन्यायही चव्हाट्यावर येतो. आमच्या घरातही एक मोडणं झालं होतं, पण ते अंधारातलं. वाळीत टाकलेल्या घराची गाय आटली होती, आणि आई रात्री मागच्या दाराने त्यांच्याकडे दूध आणि वाटीभर विरजण पाठवायची. नेणारा मीच. शिरोड्याच्या मिठाशी मी त्याची बरोबरी करत नाही. लपून केलेल्या गोष्टीने ठराव हलला नाही. पण त्या घरात ताक झालं.

आता जर्मनीकडे जाऊ, कारण हा प्रश्न विसाव्या शतकात सगळ्यांत भयंकर रूपात तिथे उभा राहिला. हिटलरच्या राजवटीत ज्यूंचं नागरिकत्व, धंदे, लग्नं यांवर घाला घातला गेला तो कायदे करून. रीतसर, राजपत्रात छापून. युद्ध संपल्यावर प्रश्न आला की हे कायदे पाळणाऱ्या न्यायाधीशांना आणि अधिकाऱ्यांना काय म्हणायचं? गुस्ताव राडब्रुख नावाचे कायदेपंडित होते. ते एकेकाळी जर्मनीचे कायदामंत्री होते आणि 1933 मध्ये नाझींनी त्यांची प्राध्यापकी काढून घेतली होती. 1946 मध्ये त्यांनी एक सूत्र मांडलं. त्याचे दोन भाग आहेत, आणि दुसरा जास्त महत्त्वाचा आहे.

पहिला भाग: कायदा निश्चित असणं हीसुद्धा एक नैतिक गोष्ट आहे. उद्या काय होईल हे माणसाला आज कळलं पाहिजे. म्हणून कायदा थोडा वाईट, थोडा अन्यायाचा असला तरी तो लागू राहतो. पण अन्याय सहनशक्तीच्या पलीकडे गेला की कायद्याने न्यायासाठी जागा सोडली पाहिजे. दुसरा भाग: जिथे न्याय करण्याचा प्रयत्नच नाही, जिथे समानता हे कायद्याचं बीज जाणूनबुजून नाकारलेलं आहे, तिथे त्या लिखाणाला वाईट कायदा म्हणणंही चूक, ते कायद्याच्या जातीचंच नाही.

हे माप कोकणावर लावून पाहा. खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताचा वतनी हक्क, कायदेशीर होती. 1880 चा खोतीचा कायदा होता, कागदपत्रं होती, कोर्ट खोताच्या बाजूने हुकूमनामा देत होतं. कुळं पीक काढायची आणि बराचसा वाटा खोताच्या घरी जायचा, वर वेठ वेगळी. ही ‘सहन होणारी’ वाईट होती की ‘सहनशक्तीपलीकडची’? खोताला विचारलं असतं तर एक उत्तर, कुळाच्या बायकोला विचारलं असतं तर दुसरं. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून जवळजवळ 6 वर्षं जमिनी न कसण्याचा संप केला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. 1937 मध्ये बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक कायदेमंडळात मांडलं. ते मंजूर झालं नाही. खोती कायद्याने गेली ती 1949 मध्ये. इथे कोणी म्हटलं नाही की खोतीचा कायदा हा कायदाच नव्हता. म्हणाले, वाईट आहे, बदला. अस्पृश्यतेबद्दल मात्र बदला-सुधारा ही भाषा चालत नव्हती, कारण तिच्या मुळात समानतेचा नकार होता. राडब्रुखच्या दोन भागांतला फरक मला इथे समजला.

राडब्रुखवर इंग्लंडच्या हार्ट या कायदेपंडिताने 1958 मध्ये टीका केली, आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. तो म्हणाला, ‘तो कायदाच नव्हता’ असं म्हटलं की आपण अवघड निवड टाळतो. सरळ म्हणा: हा कायदा होता, पण पाळण्याच्या लायकीचा नव्हता. प्रामाणिकपणा यात जास्त आहे हे मला पटतं. तरी न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेल्याला हार्टचं उत्तर पुरत नाही. त्याला निकाल द्यायचाय. ‘कायदा आहे पण पाळू नका’ असं निकालपत्रात कसं लिहिणार?

आणि मग सगळ्यांत जुनी शंका. नीती, पण कोणाची? तळ्यात पंचगव्य ओतणारेही धर्मासाठीच करतोय म्हणत होते. आमच्या गावकीचे मानकरी गावाची एकी टिकवत होते. नीतीचं नाव घेणाऱ्याच्या हातात कायदा दिला तर तो अस्पृश्यताही लिहून घेईल. म्हणूनच प्रश्नातला ‘सार्वत्रिक’ हा शब्द महत्त्वाचा. जे तत्त्व फक्त आपल्या वाडीपुरतं, आपल्या जातीपुरतं चालतं ते इथे उपयोगाचं नाही. कसोटी अशी की नियम करणारा आणि नियम सोसणारा यांनी जागा बदलल्या तरी तो नियम टिकतो का. आपल्याकडे हे शाळेतल्या सुभाषितात आहे: आत्मनः प्रतिकूलानि परेषां न समाचरेत्. स्वतःला जे नको ते दुसऱ्याला करू नये. वाळीत टाकण्याचा ठराव या कसोटीवर एक मिनिट टिकत नाही. 29 जणांतला एकही जण आपलं नाव त्या पानावर पाहायला तयार झाला नसता.

परंपरेतही ही जाणीव होती. चिपळूणजवळ जन्मलेल्या पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास लिहिला, त्यांना 1963 मध्ये भारतरत्न मिळालं. त्या धर्मशास्त्रातल्या याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितलंय की शास्त्राला धरून असलं तरी जे लोकांना नकोसं झालं ते आचरू नये. मनुस्मृतीतही अशा अर्थाचा श्लोक आहे. त्या एका श्लोकाने बाकीचे शेकडो धुऊन निघत नाहीत. पण ज्यांनी तो ग्रंथ अटळ म्हणून डोक्यावर घेतला त्यांनी त्यातलंच हे वाक्य वाचायला हवं होतं.

स्वतंत्र भारताने या वादातून वाट काढली ती अशी, की वरचं तत्त्वच लिहून टाकलं. संविधानाचं कलम 13 म्हणतं, मूलभूत हक्कांच्या विरुद्ध जाणारा कायदा तेवढ्यापुरता रद्द. कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. महाडच्या निकालाने जी जागा मोकळी सोडली होती ती भरली. आता तीनशे वर्षांपूर्वीचा कागद आणला तरी चालणार नाही. 1973 मध्ये केशवानंद भारती खटल्यात 13 न्यायमूर्तींनी, 7 विरुद्ध 6 अशा काठावरच्या बहुमताने, ठरवलं की संसद घटना बदलू शकते पण तिचा पाया बदलू शकत नाही.

तरी प्रश्न मिटला असं समजू नये. लिहिलेलं तत्त्व वाचणारी माणसंच असतात. आणीबाणीत, 1976 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या 5 पैकी 4 न्यायमूर्तींनी सांगितलं की जगण्याचा हक्क स्थगित असताना बेकायदा अटकेविरुद्धही कोर्टात येता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात गेले. त्यांचं म्हणणं होतं, जगण्याचा हक्क घटनेने दान दिलेला नाही. घटनेत ते कलम नसतं तरी कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचा जीव किंवा स्वातंत्र्य घ्यायचा अधिकार सरकारला नव्हता. पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायमूर्ती सरन्यायाधीश झाले, खन्नांनी राजीनामा दिला. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताचा निकाल चुकीचा ठरवला. 41 वर्षं लागली.

बहिष्काराचंही तसंच. मुंबई राज्याने 1949 मध्येच जातिबहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला, धर्मपंथाला आपल्या धार्मिक बाबी चालवायचा हक्क आहे म्हणून. म्हणजे घटनेतलंच एक तत्त्व दुसऱ्याच्या आड आलं. त्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून 2023 मध्ये प्रकरण 9 न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवण्यात आलं.

वडिलांना मी सहीबद्दल विचारलं ते खूप उशिरा, ते थकल्यावर. पडवीत सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, “अरे, चूक आहे ते तेव्हाच कळत होतं. सगळ्यांनाच कळत होतं. पण सही केली नसती तर पुढचं पान आपलं होतं.” मग थोडा वेळ अडकित्ता नुसताच हातात होता. आईच्या विरजणाचं त्यांना माहीत होतं का, हे मी विचारलं नाही.

तीन शिमगे पालखी त्या घरावरून तशीच गेली. चौथ्या वर्षी, कोणी सभा न घेता, पालखीचे पुढचे दोन भोई गडग्यापाशी वळले आणि अंगणात शिरले. मागच्यांना वळावंच लागलं. आजी तोवर गेली होती; ओटी सुनेने भरली. ठराव रद्द केल्याची नोंद वहीत आजही नाही. त्या पानाच्या पाठीवर त्या वर्षीचा वर्गणीचा हिशोब आहे, आणि त्यात त्या घराचं नाव इतरांच्या बरोबरीने, अकराव्या ओळीत.